शिवलेली फीत, चिकटवलेला बिल्ला

इंग्रजीतल्या ‘पॅच’ला मराठीत एक नेमका शब्द नाही. तीन आहेत, आणि त्या तिघांचे आपसात पटत नाही. ठिगळ फाटक्यावर लागते. बिल्ला कामावर लागतो; एस.टी.चा कंडक्टर, स्टेशनवरचा हमाल, आपल्या अधिवेशनातला स्वयंसेवक यांना तो मिळतो. आणि फीत बाहीवर चढते. पोलिसातल्या माणसाला फीत लागली म्हणजे बढती झाली, आणि उतरली तर काय झाले ते त्याच्या घरी विचारू नये. ठिगळ लपवायचे, बिल्ला दाखवायचा आणि फितीला सलाम ठोकायचा, अशी आपली सोपी विभागणी. अमेरिकन वैमानिकाच्या अंगावरच्या फ्लाइट सूटवर मात्र हे तिन्ही एकत्र नांदतात. दिसायला ठिगळ, कामाला बिल्ला, आणि खांद्यावर फीत.

चार इंची कापडी गोलाची कसली डोंबलाची समीक्षा, असे काही वाचकांना वाटेल. पण या गोलाला लेखक असतो, संपादक असतो (आणि तो बहुधा सरकारी असतो), जागेची मर्यादा असते, वाचकही असतो. त्यावरून वाद झालेले आहेत. त्यावरचे शब्द वरिष्ठांनी झाकायला लावलेले आहेत. एका प्रसंगी तर त्यावरचे दोन देशांचे ध्वज गायब होऊन तीन वर्षांनी परत आले. ज्या वस्तूबद्दल शहाणीसुरती माणसे इतका खल करतात, ती वस्तू काहीतरी बोलत असणार. ती काय बोलते, आणि बरे बोलते की वाईट, एवढेच मला पाहायचे आहे.

ओहायोतल्या डेटनजवळ राइट-पॅटरसन तळावर अमेरिकन हवाई दलाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य असल्याने आमच्या भागात भारतातून पाहुणे आले की त्यांना तिथे नेणे हा रिवाज आहे. पाहुणे विमाने पाहतात. मी काचेमागचे कपडे पाहतो. पोटासाठी मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असलो तरी डॉक्टरेटचा प्रबंध तंतू आणि राळ यांच्या संमिश्र पदार्थांवर होता. त्यामुळे धागा दिसला की तो कशाचा, हा प्रश्न आधी पडतो. हिरवट राखाडी रंगाचा, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध असा जो सूट अमेरिकन हवाई दलात कित्येक दशके वापरात आहे, त्याचे अधिकृत नाव सीडब्ल्यूयू-२७/पी. कापड नोमेक्स, ड्यूपाँ कंपनीचा हा धागा १९६०च्या दशकात बाजारात आला. आगीत तो वितळत नाही, ठिबकत नाही; करपतो आणि करपताना जाड होतो. माणसाला पळायला काही सेकंद मिळावेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि अशा कपड्यावर वैमानिक काय लावतो? साध्या धाग्याने भरलेले रंगीबेरंगी तुकडे, तेही बहुतेक वेल्क्रोने. साधा वेल्क्रो नायलॉनचा असतो, आणि नायलॉन वितळतो. अग्निरोधक कपड्यावरची ही हौस जीव धोक्यात घालून केलेली नसली, तरी अभियंत्याच्या डोळ्याला खुपतेच.

या सूटला स्वतःचे व्याकरण आहे. अधिकाऱ्याचा हुद्दा खांद्यावर. डाव्या छातीवर नावाची पट्टी आणि तिच्यावर वैमानिकाचे पंख. उजव्या छातीवर ज्या कमांडखाली तो काम करतो तिचे चिन्ह. बाह्यांवर स्क्वाड्रनचा बिल्ला आणि देशाचा ध्वज. काळानुसार आणि दलानुसार जागा थोड्याफार इकडच्या तिकडे होतात. नौदलाचे वैमानिक या बाबतीत हवाई दलापेक्षा अंमळ हौशी. पण मला महत्त्वाची वाटते ती जागा नव्हे, जोडणी. खांद्यावरचा हुद्दा परंपरेने टाके घालून शिवलेला असतो. बाकीचे चिकटवलेले असते आणि एका झटक्यात निघते.

असे का? एक उत्तर धुलाईचे आहे आणि ते खरेच आहे. दुसरे उत्तर युद्धाचे. शत्रूच्या प्रदेशावर उड्डाणाला निघण्यापूर्वी वैमानिक आपले बिल्ले काढून ठेवतो. या क्रियेला त्यांच्या भाषेत ‘सॅनिटाइझ’ करणे म्हणतात. विमान पडले आणि माणूस जिवंत हाती लागला, तर त्याचे स्क्वाड्रन कोणते, तळ कोणता, विमान कोणत्या कामाचे, हे त्याच्या बाहीने बोलू नये म्हणून. १९४९च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या १७व्या कलमाप्रमाणे युद्धकैद्याने सांगायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैनिकी क्रमांक. म्हणजे जे शिवलेले आहे ते शत्रूला सांगायला हरकत नाही, आणि जे सांगायचे नाही ते ओढून काढता येते. नावाची पट्टीही वेल्क्रोचीच असते हे खरे, पण नाव तो तोंडाने सांगतोच. कुणी शिंप्याने हे मुद्दाम योजले असेल असे मी म्हणत नाही. पण सांगण्याजोगे आणि न सांगण्याजोगे यांची इतकी स्वच्छ वर्गवारी मला आमच्या क्षेत्रातल्या सुरक्षेच्या जाडजूड पुस्तकांतही क्वचित सापडली आहे.

वेल्क्रोचा जनक जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस अभियंता. १९४१ साली शिकारीहून परतल्यावर कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांत अडकलेली काटेरी बोंडे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि त्यातून पुढे १९५०च्या दशकात पेटंट निघाले. आपल्याकडे पावसाळ्यानंतर माळावरून आलेल्या प्रत्येकाच्या धोतराला कुसळे लागत आली. आपण ती शिव्या देत वेचून टाकली. असो.

आता फीत आणि बिल्ला यांच्यातली खरी चुरस. फीत सेवेच्या वर्षांनी आणि वरिष्ठांच्या शेऱ्यांनी मिळते. पण नेव्हाडातल्या नेलिस तळावर हवाई दलाचे जे वेपन्स स्कूल आहे, तिथला सुमारे साडेपाच महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला एक करड्या-काळ्या रंगाचा बिल्ला मिळतो. तो बाहीवर लागतो, आणि असा माणूस त्या जगात ‘पॅच वेअरर’ म्हणूनच ओळखला जातो. हुद्द्याने तो साधा कॅप्टन असेल, पण लढाईचे डावपेच ठरताना खोलीतले कर्नल त्याच्याकडे वळून पाहतात. नोकरीत ज्यांनी दहा वर्षे काढली आहेत त्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. दारावरच्या पाटीवर हुद्दा एकाचा असतो, आणि मशीन बंद पडले की हाक दुसऱ्याला जाते. फरक एवढाच की हवाई दलाने हे वास्तव कापडावर मान्य केले आहे. दिखाऊपणासाठी बदनाम असलेल्या या कपड्यावरची ही मला सर्वांत प्रामाणिक जागा वाटते.

अवकाशवीरांच्या बिल्ल्यांची परंपरा याच कपड्यातून निघाली, आणि तिची सुरुवात एका मनाईतून झाली. गस ग्रिसमचे पहिले यान १९६१ साली समुद्रात बुडाले होते. म्हणून १९६५च्या मार्चमध्ये जेमिनी ३चे नाव त्याने ‘मॉली ब्राउन’ ठेवले, बुडता न बुडणाऱ्या बाईवरच्या संगीतिकेवरून. नासाच्या वरिष्ठांना हा विनोद मानवला नाही. यानांना नावे देणे बंद झाले. तेव्हा जेमिनी ५चा गॉर्डन कूपर म्हणाला की नाव नाही तर निदान बिल्ला तरी हवा. हवाई दलाच्या स्क्वाड्रनला असतो तसा. कूपर आणि त्याचा सहकारी पीट कॉनरॅड यांनी त्यावर पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांची छपराची बैलगाडी काढली आणि खाली घोषवाक्य घातले, ‘एट डेज ऑर बस्ट’. आठ दिवस काढू नाहीतर बुडू, असा त्याचा भाव. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांनी बिल्ल्याला परवानगी दिली, पण घोषवाक्य झाकायला लावले. आठ दिवस पुरे झाले नाहीत तर लोक हसतील ही त्यांची भीती. म्हणून ऑगस्ट १९६५मध्ये दोघे उडाले ते घोषवाक्यावर कापडाचा तुकडा लावून. ठिगळावर ठिगळ! आणि मोहीम आठ दिवसांना तासभर कमी अशी पार पडली.

कला म्हणून हा बिल्ला सामान्य आहे. गाडीचे चित्र लहान मुलाच्या वहीतले वाटते. पण त्यात बोलणारा माणूस ऐकू येतो, आणि त्याच्या तोंडावर ठेवलेला हातही दिसतो. पुढच्या कित्येक सुबक बिल्ल्यांत हे दोन्ही नाही.

या प्रकारातली श्रेष्ठ कृती कोणती, या प्रश्नाला माझे उत्तर सर्वांना माहीत असलेलेच आहे: अपोलो ११. लोकप्रिय गोष्टीला श्रेष्ठ म्हणताना समीक्षकाला थोडे अवघडल्यासारखे होते, पण इलाज नाही. तिचा मुख्य कर्ता मायकेल कॉलिन्स. तिघांपैकी चंद्रावर न उतरलेला, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत चांगले लिहिणारा. १९७४चे त्याचे ‘कॅरिंग द फायर’ हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ग्रंथालयातून जरूर आणावे. गरुडाची कल्पना जिम लव्हेलने सुचवली. कॉलिन्सने पक्ष्यांवरच्या एका पुस्तकातला गरुड पातळ कागदावर गिरवून घेतला, खाली चंद्राची विवरे काढली, मागे पृथ्वी. ऑलिव्हची फांदी सुचवली प्रशिक्षणाच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका संगणकवाल्याने. (हे मी सहज नमूद करतो आहे असे वाचकांनी समजू नये.) फांदी आधी चोचीत होती आणि नख्या मोकळ्या, पुढे आलेल्या. ह्यूस्टनच्या केंद्राचे प्रमुख बॉब गिलरूथ यांना त्या नख्या आक्रमक वाटल्या. म्हणून फांदी चोचीतून काढून नख्यांत दिली. नव्या चित्रातला गरुड जरा अवघडलेला दिसतो, आणि उतरण्यापूर्वी त्याने ती फांदी टाकली म्हणजे बरे, अशा अर्थाची मिश्किली कॉलिन्सनेच केली आहे.

संपादकाच्या हस्तक्षेपाने कृती सुधारल्याची उदाहरणे साहित्यात कमी असतात. हे एक आहे. अमेरिकेच्या राजमुद्रेवरच्या गरुडाच्या एका पायात ऑलिव्हची फांदी आहे आणि दुसऱ्या पायात तेरा बाण. अमेरिकन माणसाच्या डोळ्याला हा गरुड लहानपणापासून सवयीचा. अपोलो ११च्या गरुडाकडे फांदी आहे, बाण नाहीत. १९६९ साल आहे, व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक आहेत, यानातले दोघे हवाई दलाचे अधिकारी आणि तिसरा नौदलाचा माजी लढाऊ वैमानिक. अशा वेळी या गोलाने जे म्हटले ते बाण वगळून म्हटले. चित्रात काय आहे हे सगळेच सांगतात, पण त्या काळच्या पाहणाऱ्याला जे नाही तेही दिसत असले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी वगळल्या. पहिली नावे. कॉलिन्सला हे चित्र मोहिमेसाठी राबणाऱ्या हजारो लोकांचे व्हावे असे वाटत होते, म्हणून तिघांनीही आपली नावे घातली नाहीत. अकरा हा आकडाही अक्षरी नको असे ठरले, कारण इंग्रजी न येणाऱ्याला तो कळणार नाही. हा आग्रह आर्मस्ट्राँगचा. परक्या वाचकाचा इतका विचार करणारा लेखक दुर्मिळ. दुसरी गोष्ट हुद्दा. ऑल्ड्रिन कर्नल, कॉलिन्स लेफ्टनंट कर्नल, आणि दोघांचा प्रमुख आर्मस्ट्राँग हा १९६९ साली चक्क मुलकी माणूस. अवकाशपोषाखावर कुणाचीच फीत नव्हती. फीत असती तर प्रमुखाचा खांदा कोरा दिसला असता.

चूकही आहे. मागच्या पृथ्वीची काळोखी बाजू डावीकडे काढली आहे, ती खाली हवी होती. कॉलिन्सने पुढे हे सांगून टाकले. चंद्रापर्यंतचा मार्ग अचूक मोजणाऱ्यांनी चंद्रावरून दिसणारी पृथ्वी चुकीची रंगवावी, याची मला गंमत वाटते. चूक दुरुस्त करून कुणी हा बिल्ला छापला तर मी तो विकत घेणार नाही. यानाच्या उतरणाऱ्या भागाला ‘ईगल’ हे नावही या चित्रावरून पडले. १९७१च्या एक डॉलरच्या आयसेनहॉवर नाण्याच्या मागे हाच गरुड आला. चार इंचांतून दीड इंचात आला तरी वाचता येतो. रचनेची याहून कठोर परीक्षा कोणती?

आपण दुकानातून आणतो तो बिल्ला भरतकामाचा असतो. चंद्रावर गेला तो तसा नव्हता. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १च्या चाचणीत यान जमिनीवरच असताना आत आग लागली आणि ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चाफी हे तिघे गेले. आत शुद्ध प्राणवायू होता आणि जळणारे पुष्कळ. त्यात वस्तू अडकवायला सोयीचा म्हणून जागोजाग लावलेला वेल्क्रोही. त्यानंतर पोषाखाचा बाहेरचा थर बीटा क्लॉथचा झाला, म्हणजे टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड. बिल्लेही भरतकामाऐवजी त्याच कापडावर छापून लावले जाऊ लागले. यानांना नावे देऊ नका असे ज्याच्या विनोदामुळे ठरले आणि त्यामुळे बिल्ल्यांचा जन्म झाला, त्याच ग्रिसमच्या मृत्यूनंतर बिल्ल्याचा धागा बदलला. ही माहिती कलेच्या पुस्तकांत बहुधा तळटीपेत जाते. मला ती मुख्य वाटते. गरुडाच्या पंखांना भरतकामाची लकाकी नाही, छपाईचा सपाटपणा आहे, आणि त्या सपाटपणाची किंमत कुणीतरी दिलेली आहे.

अपोलो १३ने नावे न घालण्याची रीत पाळली: सूर्याचे तीन घोडे, आणि लॅटिनमध्ये ‘चंद्रापासून ज्ञान’. उड्डाणाच्या तोंडावर केन मॅटिंग्लीच्या जागी जॅक स्विगर्ट आला तेव्हा या बिल्ल्यात एक टाकाही बदलावा लागला नाही. आम्ही प्रोग्रॅम लिहिताना नेमके हेच शिकवतो: जे बदलू शकते ते पायात पुरू नका.

स्पेस शटलच्या तीस वर्षांत मात्र हा धडा विसरला गेला. कडेने सात आडनावे, मध्ये यान, यानाच्या पोटात प्रत्येक प्रयोगाचे एक चिन्ह, ज्याचा ध्वज राहिला त्याचा ध्वज. समितीने लिहिलेल्या ठरावासारखे हे बिल्ले आहेत. कुणी दुखावले जाऊ नये म्हणून सगळे घातलेले. त्यातला एक मात्र मी कधी विसरत नाही. जानेवारी १९८६च्या चॅलेंजरच्या बिल्ल्यावर सात आडनावे आहेत आणि मॅकॉलिफ या नावापुढे एक छोटे सफरचंद. ती शाळेत शिकवणारी बाई होती. सैनिकी हुद्द्यांच्या, डॉक्टरेटच्या आणि उड्डाणतासांच्या त्या जगात तिचा हुद्दा काय, तर सफरचंद. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले किंवा वाचले आहे. पण ते झाले नसते तरी ते सफरचंद चांगलेच राहिले असते, असे माझे मत आहे.

उलट टोकाला गुप्त मोहिमांचे बिल्ले. ट्रेव्हर पॅग्लेन या भूगोलाच्या अभ्यासकाने आणि कलावंताने ते जमवून त्यांचे एक पुस्तक काढले. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव एका बिल्ल्यावरच्या लॅटिनवरूनच घेतले आहे: मी तुला सांगू शकेन, पण मग मला तुला संपवावे लागेल. चेटके, सर्प, परग्रहवासी, आणि ‘कोंबडीसारखे लागते’ अशा अर्थाचे मोडके लॅटिन. पॅग्लेनचा संग्रह उत्तम, पण तो या बिल्ल्यांपुढे जरा फार दबकून उभा राहतो. मला यात गूढ कमी आणि होस्टेलवरच्या पोरांचा विनोद जास्त दिसतो. डिसेंबर २०१३मध्ये एका हेरउपग्रहाच्या बिल्ल्यावर पृथ्वीला विळखा घातलेला ऑक्टोपस आला आणि खाली ‘आमच्या आवाक्याबाहेर काही नाही’ अशी ओळ. स्नोडेन प्रकरणाला तेव्हा सहाच महिने झाले होते. लोक खवळले. पुढे माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या कागदांवरून कळले, की चाचणीत त्रास देणाऱ्या एका तारांच्या जुडग्याला अभियंते ‘ऑक्टोपस’ म्हणत, त्यावरून हे चित्र सुचले होते. मला हे पूर्ण पटते. कार्यशाळेतला विनोद कार्यशाळेत ठेवावा, बाहीवर लावला की तो धोरण होतो, हे त्यांना कुणी सांगितले नाही एवढेच.

आता त्या गायब झालेल्या ध्वजांकडे. १९८६च्या ‘टॉप गन’मध्ये टॉम क्रूझच्या कातडी जाकिटाच्या पाठीवर एक मोठा बिल्ला आहे: ‘फार ईस्ट क्रूझ ६३-४, यूएसएस गॅल्व्हेस्टन’. त्यावर अमेरिका, संयुक्त राष्ट्रे, जपान आणि तैवान यांचे ध्वज. चित्रपट याचा खुलासा करत नाही. वयाचा हिशोब पाहता ती सफर नायकाची नसून त्याच्या वडिलांची असावी. वडीलही लढाऊ वैमानिक, १९६५ साली बेपत्ता झालेले. आता गंमत अशी की गॅल्व्हेस्टन ही विमानवाहू नौका नव्हे, क्षेपणास्त्रे डागणारी क्रूझर. तिच्यावरून लढाऊ जेट उडू शकत नाही. म्हणजे वेषभूषाकाराने दिसायला झकास म्हणून तो बिल्ला निवडला असणार. जाकिटावरचे बाकीचे बिल्लेही प्रवाशाच्या ट्रंकेवरच्या लेबलांसारखे आहेत. त्यांतून एका माणसाची नोकरी वाचू गेलो तर हाती काही लागत नाही. समीक्षक म्हणून मी इथे गुण कापले असते.

पण कापड कुणी विचारपूर्वक निवडले नाही म्हणून त्याचा अर्थ हलका होत नाही. जुलै २०१९मध्ये ‘टॉप गन: मॅव्हरिक’ची झलक आली. तेच जाकीट, तीच जागा, आणि जपान व तैवान यांच्या ध्वजांच्या जागी त्याच रंगांची निरर्थक चिन्हे. चित्रपटाला पैसे पुरवणाऱ्यांत तेव्हा चीनची टेन्सेंट ही कंपनी होती. चित्रपट महासाथीमुळे रखडला, मध्यंतरी टेन्सेंट बाहेर पडली, आणि मे २०२२मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटात दोन्ही ध्वज जागच्या जागी होते. चीनमध्ये तो लागलाच नाही.

बदललेल्या चिन्हांबद्दल राजकीय टीका पुष्कळ झाली. माझी तक्रार कलेच्या बाजूची आहे. संपूर्ण चित्रपटभर त्या जाकिटाचे एकच काम आहे: हा माणूस वडिलांचे ओझे पाठीवर वाहतो, हे न बोलता सांगणे. वडील जिथे गेले त्या बंदरांचे ध्वज पुसले की वडीलच खोटे होतात. ध्वज काढून त्याच रंगाची नक्षी ठेवणे हे तर अधिकच वाईट. काढून टाकले असते तर निदान उसवलेल्या टाक्यांची खूण राहिली असती. गिलरूथनेही चित्र बदलायला लावले होते. पण त्याने नख्यांना फांदी दिली, गरुडाच्या जागी गरुडासारखे काहीतरी बसवले नाही.

ध्वजाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचेही बोलू. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११मधून स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा गेले तेव्हा त्यांच्या पोषाखावर तिरंगा होता. कर्नालमध्ये जन्मलेली कल्पना चावला १९९७ आणि २००३ साली गेली ती अमेरिकन नागरिक म्हणून, अमेरिकेचा ध्वज लावून. कोलंबियाच्या त्या शेवटच्या बिल्ल्यावर इलान रॅमोनच्या नावाजवळ इस्रायलचा छोटा ध्वज आहे, कारण तो इस्रायलच्या वतीने गेला होता. चावला या नावाजवळ काही नाही, आणि ते बरोबर आहे. आपल्याकडच्या समारंभांत तिच्या छायाचित्राशेजारी तिरंगा रंगवलेले फलक मी पाहिले आहेत. भावना समजते. पण तिने जो ध्वज स्वतः निवडून बाहीवर घेतला होता तो रंगाने झाकणे, हे मला वेब साहेबांच्या कापडाच्या तुकड्याच्या जातीचे वाटते. तिच्या निर्णयाचा मान ठेवणारा फलक रंगवायला अवघड आहे हे मला मान्य आहे. आपण सर्वच इथे कुठल्या ना कुठल्या कचेरीत हात वर करून शपथ घेतलेले किंवा ती घ्यावी की नाही या विचारात असलेले लोक आहोत.

२५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेतून अवकाश स्थानकाकडे गेले. कक्षेत पोचल्यावर देशाला उद्देशून ते जे बोलले त्यात खांद्यावरच्या तिरंग्याचा उल्लेख होता, हुद्द्याचा नव्हता. हवाई दलात वर्षानुवर्षे खांदा म्हटले की फीत आठवणाऱ्या माणसाने खांदा म्हणताच ध्वज आठवावा, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आमच्या भागातल्या ज्या घरांतून मुले स्काउटमध्ये जातात, तिथे शनिवारी दुपारी सुईदोरा निघतो. गणवेश दुकानातून येतो तेव्हा उजव्या बाहीवर अमेरिकेचा ध्वज आधीच शिवलेला असतो. बाकीचे, म्हणजे कौन्सिलची पट्टी, तुकडीचा आकडा, कमावलेले बिल्ले, आईबापांनी शिवायचे. इस्त्रीने चिकटणारे मिळतात, पण दोन धुण्यांत त्यांच्या कडा सुटतात, तेव्हा टाके घालावेत हे उत्तम. माझ्या ओळखीतल्या एका आजींनी, सहा महिन्यांसाठी इथे आल्या असताना, नातवाच्या अख्ख्या तुकडीचे बिल्ले गोधडीच्या टाक्याने लावून दिले होते. ते टाके उलट्या बाजूनेही सुबक दिसत. गोऱ्या आया आपल्या मुलांचे शर्ट उलटे करून बघत होत्या.

गगनयानासाठी निवडलेल्या चौघांना २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिरुवनंतपुरमजवळ पंतप्रधानांच्या हस्ते अवकाशवीराचे पंख मिळाले. चौघेही हवाई दलाचे, चौघांच्याही खांद्यावर हुद्दे. पहिल्या मानवी उड्डाणाचा बिल्ला कोण काढेल ते काढो. त्याने समितीला एवढे विचारावे, की नावे घालणे आवश्यक आहे का.